आधी साहित्याची ओळख

बालवाडीतल्या चित्रकलेच्या तासाचे एक ठरलेले रूप महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसते. छापील पुस्तकात आंबा, छत्री, फुगा यांच्या बाह्यरेषा असतात आणि मुलांनी त्या मेणखडूने भरायच्या असतात. हस्तकलेचा दिवस असला की ताई आदल्या संध्याकाळी घोटीव कागदाचे साठ कान आणि तीस सोंडा कापून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तीस मुले ते तुकडे सांगितलेल्या जागी चिकटवतात आणि भिंतीवर तीस सारखेच गणपती लागतात. पालक खूश होतात, वर्ग सजलेला दिसतो. एवढ्या खटपटीतून मुलाच्या पदरात काय पडले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. कागद कसा फाटतो, खळ किती लावली की पुरते, खडू दाबून फिरवला तर काय होते आणि हलका फिरवला तर काय, यातले काहीच त्याला कळलेले नसते, कारण ठरवण्यासारखे सारे मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते. हे पुस्तक त्या तासाची मांडणी बदलावी म्हणून लिहिले आहे. त्यामागचे म्हणणे असे, की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला कलेची ओळख करून द्यायची तर आधी साहित्याची ओळख करून द्यावी. एका वेळी थोडे साहित्य द्यावे, ते पुष्कळ दिवस ठेवावे आणि त्याचा क्रम हाताच्या वाढीला धरून लावावा. साहित्य कसे हाताळायचे हे मोठ्यांनी जरूर दाखवावे; त्यातून काय काढायचे, काय बनवायचे हे दाखवू नये. हा फरक वरवर साधा वाटतो, पण पुढची सगळी प्रकरणे त्याच्यावर उभी आहेत. म्हणून त्याचे समर्थन इथे सविस्तर करतो.

सुरुवात हातापासून करू. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी त्यांच्या जागी नुसती कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडे धरू लागतात, पुढे साधारण वर्षाकाठी एखादे या गतीने सहा-सात वर्षांपर्यंत सात हाडे आकाराला येतात आणि आठवे त्यानंतर. बालवाडीतल्या मुलाचे मनगट हे असे अर्धे घडलेले असते. शिवाय हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. आधी अख्खा हात फिरतो, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटे. म्हणूनच तीन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते. अंगठा आणि दोन बोटे यांची पकड बहुतेक मुलांना चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान जमू लागते. या वस्तुस्थितीतून साहित्याची निवड जवळजवळ आपोआप ठरते. टोकदार पेन्सिल आणि वहीचे लहानसे पान ही सुरुवात चुकीची ठरते, कारण त्यासाठी जे लागते ते अजून तयारच झालेले नसते. जाडजूड खडू, जमिनीवर पसरलेला मोठा कागद, पाण्याने भिजवलेला जाड कुंचला आणि अंगणातली फरशी यांच्यावर खांद्यापासून हात फिरवता येतो. स्केचपेन मुलांना आवडते, पण ते दाबले काय आणि हलके धरले काय, सारखीच रेघ देते. हाताने काय केले याचा जबाब त्या रेघेतून मिळत नाही. म्हणून या पुस्तकात स्केचपेन अगदी शेवटी येते.

दुसरी बाब मुलाच्या रेघोट्यांची. त्या रेघोट्या म्हणजे चित्र न जमल्याची खूण आहे, असा समज अजून पुसलेला नाही. रोडा केलॉग यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बालवाड्यांमध्ये लहान मुलांची लाखो चित्रे गोळा केली आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांचे विश्लेषण मांडले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोड, गुंडाळी, वेटोळे अशा वीस मूळ रेघोट्या त्यांनी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यातूनच पुढे वर्तुळ, फुली, सूर्यासारखा आकार आणि अखेर माणूस कसा घडतो हे दाखवले. फ्रान्सच्या ल्यूके यांनी त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, नोंदवले होते की मूल आधी रेघा ओढते आणि मग त्यात त्याला अचानक काहीतरी ओळखू येते. काढायचे आधी ठरवून मग काढणे ही नंतरची पायरी. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या वाढीच्या अवस्था सांगितल्या आणि शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी त्या वाचल्या. तपशिलांबद्दल या तिघांत मतभेद आहेत. केलॉग यांचे आकार सगळ्या संस्कृतींत त्याच क्रमाने येतात का, यावरही वाद झाला आहे. तरी एका गोष्टीला तिघांचाही दुजोरा मिळतो, की चित्राची भाषा मूल आपल्या हाताच्या हालचालींतून उभी करते आणि त्यासाठी त्याला त्या हालचालींची पुष्कळ पुनरावृत्ती लागते. आंब्याची छापील बाह्यरेषा ही पुनरावृत्ती मध्येच तोडते. ज्या मुलाला अजून वेटोळे पुरते काढून व्हायचे आहे, त्याच्यापुढे ती दुसऱ्या कुणाचे तरी उत्तर ठेवते.

आता साहित्याकडे येऊ. प्रत्येक साहित्याला स्वतःचा स्वभाव असतो आणि तो हाताला काहीतरी शिकवतो. मेणखडू दाबाला जबाब देतो. जोर बदलला की रंगाच्या गडदपणाची पायरी बदलते. कोळसा आणि फळ्याचा खडू पसरतात, बोटाने पुसता येतात, म्हणजे काढलेले बदलता येते हे सांगतात. पातळ रंग ओघळतो, शेजारच्या ओल्या रंगात मिसळतो, आणि मुलाला थांबायला शिकवतो, कारण वाळेपर्यंत थांबले नाही तर दोन्ही रंग मातकट होतात. मातीला पाठ असते, पोट असते, वजन असते. तिच्या बाबतीत फक्त समोरून दिसणे पुरत नाही. कागदाचा स्वभाव तर सहसा लक्षातही येत नाही. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर सरळ, लांब पट्टी निघते. तेच आडवे फाडले तर फाट वाकडीतिकडी जाते आणि कडा दातेरी होते. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेने पडतात, म्हणून असे होते. चार वर्षांच्या मुलाला तंतू सांगायची गरज नाही. पण आठवडाभर रोज कागद फाडणाऱ्या मुलाला 'असा फाडला की सरळ येतो' हे स्वतःहून सापडते आणि मग ते गवतासाठी दातेरी कडा आणि रस्त्यासाठी सरळ पट्टी निवडू लागते. ही निवड म्हणजे कलेची सुरुवात आहे. साहित्य काय करू शकते हे माहीत असल्याशिवाय निवड करताच येत नाही, आणि निवड नसेल तर उरते ती फक्त आज्ञापालनाची सवय.

यावर पहिला आक्षेप येतो तो विविधतेचा. मुलांना नवनवे हवे असते, एकाच साहित्याचा त्यांना कंटाळा येतो, म्हणून रोज नवी 'ॲक्टिव्हिटी' द्यावी, असे पुष्कळ ताई आणि पालक म्हणतात. सोमवारी भेंडीचे ठसे, मंगळवारी दोऱ्याचे चित्र, बुधवारी फुंकरचित्र, गुरुवारी बोटांचे ठसे. मुले यात रमतात हे खरे आहे. पण त्यांना पहिल्या दिवशी फक्त साहित्याचे नवल वाटलेले असते. त्याचा उपयोग करण्याची वेळ यायच्या आत ते उचलून ठेवले जाते. भेंडीचा ठसा पहिल्यांदा उमटतो तेव्हा मूल चकित होते. दुसऱ्या दिवशी ते रंग जास्त झाला की ठसा बुजतो हे पाहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठसे ओळीने लावते, एकावर एक लावते, त्यांची फुले करते. कंटाळा येतो तो बहुधा साहित्यामुळे येत नाही. करण्यासारखे एकच ठरवून दिलेले असते म्हणून येतो. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराने १९६३ पासून उभारलेल्या बालशाळांची कीर्ती जगभर झाली. लोरिस मालागुत्झी यांच्या प्रेरणेने तिथे शाळेतच कलेची कार्यशाळा ठेवतात आणि मुले माती, तार, रंग यांच्याकडे वर्षभर पुन्हा पुन्हा येतात. त्या कामाची खोली या परतून येण्यात आहे. म्हणून या पुस्तकात नवेपणा आणला आहे तो एका वेळी एकच गोष्ट बदलून. तोच रंग, पण कागद ओला. तोच कागद, पण कुंचल्याऐवजी स्पंज. तीच माती, पण आज शेजारी काड्या आणि बिया. बदल एकच असला की परिणाम कशामुळे झाला हे मुलाला कळते.

साहित्याला क्रम असावा हा विचार नवा नाही. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. कागदाच्या पट्ट्या विणणे, घड्या घालणे, मातीकाम अशी हाताची कामे त्यांनी शिक्षणाच्या मध्यभागी आणली आणि ती एका क्रमाने लावली. लहान मुलाचा हात हे शिकण्याचे साधन आहे, हे त्यांचे म्हणणे आज सर्वमान्य आहे. पण फ्रोबेलनंतरच्या काळात अनेक शाळांमध्ये त्या क्रमाची कवायत झाली. ठरलेल्या दिवशी ठरलेली घडी, आखलेल्या ठिपक्यांवर सुईने भोके, सर्व मुलांचे एकदम आणि एकसारखे. बारीक भोके पाडण्याच्या कामाने डोळ्यांवर आणि बोटांवर ताण येतो, अशी टीकाही पुढे झाली. या इतिहासातून दोन्ही धडे घ्यायला हवेत. क्रम हवा, कारण हात टप्प्याटप्प्याने वाढतो आणि एका साहित्याची समज दुसऱ्याला उपयोगी पडते. पण तो वर्षाच्या तारखांना बांधलेला नसावा. एक मूल माती आठवडाभर नुसती थापटत बसेल, दुसरे तिसऱ्याच दिवशी लाटी करून वाटी वळू लागेल. पुढची पायरी कॅलेंडर पाहून द्यायची नसते, मुलाचा हात पाहून द्यायची असते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. मुलाला काहीही दाखवू नका, त्याचे आतले आपोआप बाहेर येऊ द्या, असे मानणारी एक परंपरा आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचे कलावर्ग सुरू केले आणि मुलांच्या चित्रांना स्वतंत्र कला म्हणून मान मिळवून दिला. त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्या वर्गातही मुले कागद कातरणे, ठसे कोरणे अशी तंत्रे शिकत होती. साहित्य निवडणारा आणि ते हाती देणारा शिक्षक तिथे होताच. पुढे ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिले की मुले चित्रे काढायला बऱ्याच अंशी इतरांची चित्रे पाहून शिकतात. भावंडांची, पुस्तकांतली, पडद्यावरची. आणि मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८०च्या दशकात चीनमधल्या शाळा पाहून आल्यावर स्वतःच्याच समजुतीची फेरतपासणी केली. तिथे लहान मुलांना कुंचल्याचे फटकारे अगदी काटेकोरपणे शिकवले जात होते आणि त्यांची सर्जनशीलता त्यामुळे मेली होती असे म्हणता येत नव्हते. आधी कौशल्य की आधी मोकळीक, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, या निष्कर्षाला ते आले. मग या पुस्तकाने मधली वाट का धरली? कारण तीन ते सहा या वयात दाखवलेले चित्र मूल नियम म्हणून घेते. ताईने फळ्यावर दोन डोंगर, मधला सूर्य आणि नदी काढली की वर्गातली बहुतेक मुले तेच काढतात आणि पुढची कित्येक वर्षे काढत राहतात. कुंचला भांड्याच्या काठावर निथळून घेण्याची कृती मात्र कोणत्याच चित्राला बांधत नाही. ती शिकलेले मूल हवे ते रंगवू शकते, आणि न शिकलेल्या मुलाचा रंग ओघळून त्याला जे हवे होते तेच बुडते. तंत्र न दाखवणे हीही मुलाची अडवणूकच असते.

तंत्र केव्हा द्यावे, याची दोन उदाहरणे जवळून पाहू. मूल मातीचा माणूस करते, वळलेले हात अंगाला टेकवते, आणि माती वाळली की हात गळून पडतात. पहिल्या खेपेस मूल ते पुन्हा टेकवते. दुसऱ्या खेपेस ताईकडे आणते. हीच ती वेळ. जोडायच्या दोन्ही जागांवर काडीने आडवे-उभे ओरखडे काढावेत, चिखलाचे एक बोट लावावे, दाबावे आणि सांधा बोटाने पुसून घ्यावा, हे ताईने वेगळ्या मातीच्या गोळ्यावर करून दाखवावे, मुलाच्या माणसावर नव्हे. मुलाला गरज पडलेली असल्यामुळे हे एकदा दाखवून पुरते. दुसरे उदाहरण मेण आणि पाण्याच्या रंगाचे. मेणखडूने काढलेल्यावर पातळ जलरंग फिरवला की मेणावर पाणी धरत नाही आणि रेघा उजळून निघतात. बालवाड्यांत हा प्रयोग बहुतेकदा जादू म्हणून एका दिवसात उरकला जातो, आणि निम्म्या मुलांचा फसतो. कुणी खडू हलका फिरवलेला असतो, कुणी पोस्टर कलर घट्टच घेतलेला असतो. ज्या मुलांनी महिनाभर खडूचा दाब ओळखला आहे आणि रंगात पाणी किती घातले की तो किती पातळ होतो हे पाहिले आहे, त्यांच्यापुढे हे दोन्ही एकत्र ठेवले की ती स्वतःच या गोष्टीपर्यंत पोहोचतात, आणि फसले तर का फसले हेही त्यांना शोधता येते. क्रमाचा अर्थ हा एवढाच आहे.

तिसरा आक्षेप असा, की छापील चित्रे रंगवल्याने हाताला वळण लागते आणि ते लिहिण्याच्या कामी येते. हाताला वळण हवे, यात वाद नाही. मारिया मॉन्टेसोरी यांनी लेखनाच्या तयारीसाठी धातूच्या भौमितिक चौकटी वापरल्या. मुले त्यांच्या कडेने रेघ ओढतात आणि आतला भाग रंगीत पेन्सिलीने भरतात. पण ते काम त्यांनी हाताची तयारी म्हणून योजले होते. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथे. हाताच्या व्यायामाला कलेचा तास म्हटले जाते आणि मग कलेचा वेगळा तास उरतच नाही. शिवाय बोटांची ताकद वाढवायला रेघेच्या आत रंग भरणे हा फारसा समृद्ध मार्गही नाही. माती मळणे, कागद चिमटीने फाडणे, कात्रीने पट्ट्या करणे, ओला स्पंज पिळणे, चिमटीतून रांगोळी सोडणे या कामांत बोटांना सर्व दिशांनी श्रम मिळतात, आणि त्यात कंटाळवाणे काही नसते. चिमटीतून रांगोळीची सलग रेघ सोडणे हे तर मोठ्यांनाही सवयीशिवाय जमत नाही. छापील चित्रे शाळेतून हद्दपार करा, असा आमचा हट्ट नाही. ज्याला आवडेल त्याने ती रंगवावीत. त्यांना कलाशिक्षण समजू नये, एवढेच म्हणणे आहे.

पालकांचा प्रश्न वेगळा आहे. मूल घरी काहीतरी घेऊन आले पाहिजे, ते ओळखू आले पाहिजे, आणि जूनमध्ये पहिलीत जाण्याआधी त्याला अक्षरे यायला हवीत, अशी त्यांची अपेक्षा असते. ती समजण्यासारखी आहे. शाळेची फी भरून किंवा दिवसाची मजुरी बुडवून मुलाला आणून सोडणाऱ्याला आपल्या मुलाने काय केले हे दिसायला हवेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत स्तर मानला आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सौंदर्यदृष्टी आणि संस्कृती यांना विकासाचे एक स्वतंत्र क्षेत्र म्हटले. म्हणजे ताईच्या बाजूने आता धोरणही आहे. पण धोरण दाखवून पालक पटत नाहीत. काम दाखवून पटतात. म्हणून प्रत्येक मुलाची निवडक कामे तारीख घालून जपून ठेवावीत, असे इथे सुचवले आहे. जूनमधली वेटोळी, ऑक्टोबरमधले हात-पाय फुटलेले वर्तुळ आणि फेब्रुवारीतला छत्री घेतलेला माणूस पालकांपुढे ओळीने मांडले, की मूल पुढे गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या तीन कागदांत लेखनाची तयारीही दिसते, कारण ज्या हाताने वेटोळे बंद करून वर्तुळ केले तोच हात पुढे 'व' काढणार असतो.

चौथा आक्षेप खर्चाचा, पसाऱ्याचा आणि पटसंख्येचा. एका ताईकडे तीस-चाळीस मुले, पाण्याची टंचाई, साठवायला कपाट नाही. अशा ठिकाणी हे कसे चालायचे? याचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वीच दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, आणि १९४५ साली बोर्डीला व पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी ते नव्याने उभे केले. मॉन्टेसोरीचे महागडे साहित्य तिथे परवडणारे नव्हते आणि मुलांच्या जगात त्याला जागाही नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, माती घेतली. वस्तीच्या अंगणात भरणारी त्यांची अंगणवाडी पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचली. त्याच वाटेने या पुस्तकातले बहुतेक साहित्य गावात मिळणारे आहे: कुंभाराकडची मळलेली माती, गेरू, कोळसा, पाठकोरे कागद, जुनी कॅलेंडरे, खोक्यांचे पुठ्ठे, बाभळीच्या किंवा बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला. मुले जास्त असतील तर सगळ्यांना एकदम एकच काम देऊ नये. सहा-आठ मुलांचा गट रंगाच्या कोपऱ्यात, बाकीची इतर खेळांत, आणि गट रोज बदलता. रंग कमी लागतो, पसारा आटोक्यात राहतो, आणि ताईला त्या आठ मुलांकडे खरोखर पाहता येते. आवरण्याचे काम तासाचाच भाग धरावे. कुंचला धुऊन केस वर करून ठेवणे हेही साहित्याची ओळख होण्यातच येते.

स्थानिक साहित्याची बाजू मांडताना एका गैरसमजाला मात्र आळा घालायला हवा. जे नैसर्गिक किंवा घरगुती ते निर्धोक, असे मानता येत नाही. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. तो मुलांच्या रंगात कधीही नको. भिंतीचे उरलेले तैलरंग आणू नयेत. घरगुती रंगातल्या शिशावर देशात २०१७ पासून कडक मर्यादा आली असली, तरी जुन्या डब्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि टर्पेन्टाइनचा वासही मुलांसाठी नाही. खळ टिकावी म्हणून पुस्तक बांधणारे तिच्यात मोरचूद घालत. बालवाडीसाठी मैद्याची खळ लागेल तेवढीच, ताजी आणि मोरचुदाशिवाय शिजवावी. हळदीच्या पाण्यात चुना पडला की पिवळ्याचा लाल होतो. हे मुलांनी पाहण्यासारखे आहे, पण चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, म्हणून तो ताईनेच हाताळावा. मुलांच्या हाती द्यायचे तर जास्वंदीच्या किंवा गोकर्णाच्या पाण्यात लिंबाचे थेंब द्यावेत. रंग तिथेही डोळ्यांदेखत बदलतो. तीन वर्षांच्या मुलांना तोंडात किंवा नाकात जातील अशा बारीक बिया व मणी देऊ नयेत. कोरडी रांगोळी वाऱ्यावर उडते, म्हणून ती थोडी आणि खाली बसून वापरावी.

आपल्या भागातल्या लोककलांबद्दलही हाच विवेक हवा. वारली चित्रे बालवाडीत आणण्याचा उत्साह सध्या फार आहे, आणि तो बहुधा त्रिकोणांची माणसे गिरवून घेण्यात संपतो. वारली घरांत लग्नाचा चौक लिहिण्यामागे विधी आहे, देवता आहेत, सवाशिणींचा मान आहे. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमागे त्या जगण्याचे आयुष्यभराचे निरीक्षण होते. दोन त्रिकोण जोडून त्यातले काही हाती लागत नाही. लहान मुलाला त्यातून घेण्यासारखे खूप आहे, पण ते साहित्यातले. गेरूने सारवलेला पृष्ठभाग, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी, बांबूच्या काडीचे टोक. गडदावर पांढऱ्याने काढणे म्हणजे नेहमीच्या कागदाच्या बरोबर उलटे, आणि हा अनुभव मुलाच्या हाताला नवा असतो. त्या पृष्ठभागावर मुलाने आपले वेटोळे काढावे, आपला बैल काढावा. त्याच वेळी जवळ वारली चित्रे असतील, एखादा जाणता हात काम करताना पाहायला मिळेल, तर फारच चांगले. पाहण्याला मनाई नाही. गिरवून घेण्याला आहे. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये देवीप्रसाद यांनी कला हा शिक्षणाचा पाया मानला, तोही कलेचा संबंध जगण्याशी आणि हाताच्या कामाशी जोडून.

शेवटी ताईच्या बोलण्याबद्दल, कारण साहित्य कितीही चांगले असले तरी एक वाक्य त्यावर पाणी फिरवू शकते. 'हे काय काढलंस?' या प्रश्नाने मुलाला वाटते की ओळखू येईल असेच काहीतरी काढायला हवे होते. 'छान!' हे इतक्यांदा म्हटले जाते की त्यात काही उरत नाही. त्यापेक्षा जे दिसते ते बोलावे: 'इथे तू खूप जोर दिलास', 'हा निळा त्या पिवळ्यापर्यंत वाहत गेला', 'ही रेघ कुठून निघाली?' असे बोलणे मुलाचे लक्ष साहित्याकडे आणि स्वतःच्या कृतीकडे नेते, आणि सांगायचे असेल तर मूल चित्राची गोष्ट आपणहून सांगते. पुढची प्रकरणे कोरडे रंग, कागद, माती, ओले रंग, ठसे आणि मिश्र साहित्य या क्रमाने लावली आहेत. प्रत्येकात साहित्य कसे तयार करायचे, पहिल्या आठवड्यात नुसते काय पाहायचे, कोणते तंत्र कोणत्या गरजेवर द्यायचे आणि कोणता एकेक बदल करत जायचे, हे दिले आहे. एकाही प्रकरणात तयार नमुना दिलेला नाही, आणि तो जाणीवपूर्वक दिलेला नाही. आपल्या गावात मिळणारी माती वेगळी असेल, पावसाळ्यात कागद सादळत असेल, तर ताईंनी क्रम खुशाल बदलावा आणि बदलाचे कारण मार्जिनमध्ये लिहून ठेवावे. सुरुवात करायला फार काही लागत नाही. एक जाड खडू, एक मोठा पाठकोरा कागद, दोन आठवडे रोज अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात फळ्यावर स्वतः काही न काढण्याचा निश्चय. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती जमली की बाकीच्या पुस्तकाचा उपयोग होईल.